क्रूची वजनमर्यादा (शिडाच्या बोटींच्या शर्यती)

शिडाच्या बोटींच्या काही शर्यतींमध्ये बोटीवरच्या सगळ्या माणसांचं मिळून वजन किती असावं हे नियमात लिहिलेलं असतं, त्याला क्रूची वजनमर्यादा म्हणतात. बहुतेक ठिकाणी ही जास्तीत जास्त वजनाची मर्यादा असते, काही ठिकाणी मात्र कमीत कमी वजनाची. कुस्ती किंवा बॉक्सिंगसारखे वजनगट इथे नसतात, एका माणसाचं वजन किती याच्याशी सहसा कोणाला देणंघेणं नसतं, काट्यावर सगळ्यांची बेरीज किती भरते ते बघतात.

वजनाचा एवढा संबंध का येतो ते आधी समजून घ्यायला हवं. वारा शिडाला ढकलतो तेव्हा बोट पुढे जाते तशी एका बाजूला कलतेही, आणि जास्त कललेली बोट वाकडी ओढते, सुकाणू जड होतं, वेग पडतो. मालवाहू गलबत रिकामं असलं की ते डगमगू नये म्हणून तळाशी दगड-वाळू भरायचे, त्याला नीरम म्हणतात. रेसच्या बोटीत हे काम थोडं कील (बोटीच्या तळाखालचं जड पातं) करते आणि बाकीचं माणसं करतात, वारा ज्या बाजूने येतो त्या काठावर जाऊन बसायचं आणि शरीर जमेल तेवढं बाहेर झोकायचं, याला सगळे हायकिंग म्हणतात. इथे हिशोब साधा आहे, वजन गुणिले बोटीच्या मध्यापासूनचं अंतर. ८० किलोचा माणूस मध्यापासून सव्वा मीटरवर बसला तर १०० किलो-मीटरचा जोर मिळतो, त्याच जागी १०० किलोचा बसला तर १२५. म्हणजे जोराच्या वाऱ्यात जड क्रूवाली बोट पूर्ण शीड ताणून सरळ पळते तेव्हा हलक्या क्रूला शिडातला वारा सोडून द्यावा लागतो. मंद वाऱ्यात सगळं उलटं होतं, तेच वजन बोटीला पाण्यात खाली दाबतं आणि हलका क्रू पुढे निघून जातो.

सगळ्यात जास्त उदाहरण दिलं जातं ते जे-२४ चं. १९७० च्या दशकात रॉड जॉनस्टन यांनी डिझाइन केलेली ही २४ फुटी बोट जगभर ५ हजारांहून जास्त संख्येने बनली. बोटीचं वजन साधारण १४०० किलो आणि क्रूची मर्यादा ४०० किलो, म्हणजे माणसांचं वजन बोटीच्या पाव भागाहून जास्त झालं! एवढा मोठा हिस्सा मोकळा सोडला असता तर ज्याच्याकडे पाच पहिलवान तो जिंकला असं झालं असतं. पाच जणांत ४०० म्हणजे सरासरी ८० किलो, म्हणून जे-२४ ची टीम जमवणं हे खरं तर बेरजेचं गणित असतं, दोन जण नव्वदीच्या पुढचे असले की उरलेल्या तिघांना मिळून जेमतेम २२० मध्ये बसायला लागतं, आणि पुढच्या टोकाला डोलकाठीजवळ काम करणारं माणूस हलकं हवंच असतं.

एचेल्स बोटीत मर्यादा २८५ किलो आहे आणि क्रू तीन की चार हे टीमने ठरवायचं. तिघांत वाटले तर प्रत्येकी ९५, चौघांत वाटले तर ७१ च्या आसपास. मला या नियमाचा हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण चौथी जागा निघाली की ती बऱ्याचदा एखाद्या मुलीला किंवा कॉलेजच्या वयाच्या पोराला मिळते, जिथे फक्त तीन धिप्पाड माणसंच बसली असती तिथे एक नवीन माणूस शिकून तयार होतं.

स्टार बोटीचा नियम सगळ्यात वेगळा आहे, आणि डोकं लावून केलेला आहे. १९११ पासून चालत आलेली ही दोन माणसांची बोट १९३२ ते २०१२ मध्ये एक १९७६ सोडलं तर प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये होती. तिच्यात पुढचा माणूस, इथे क्रू म्हणतात तो त्यालाच, जवळजवळ अख्खा बोटीबाहेर लटकतो, फक्त पाय आत अडकवलेले, आणि सुकाणू धरलेल्या स्किपरला तेवढं बाहेर जाता येत नाही. त्यामुळे क्रूचा एक किलो स्किपरच्या एका किलोपेक्षा जास्त कामाला येतो, आणि साहजिकच लोक शोधून शोधून भलेमोठे क्रू आणायला लागले. मग सूत्र आलं : १०० मधून स्किपरचं वजन वजा करा, उरेल त्याला दीडने भागा, त्यात १०० मिळवा, ते क्रूचं कमाल वजन. स्किपर १०० किलोचा असेल तर क्रूही १०० चा, एकूण २००. स्किपर ७० चा असेल तर क्रू १२० पर्यंत चालतो, एकूण मात्र १९०. म्हणजे हलक्या स्किपरने जड क्रू आणून भरपाई करायला हरकत नाही पण पूर्ण किलोला किलो मिळणार नाही, कारण त्याचं वजन जास्त कामाच्या जागी गेलं आहे. रॉबर्ट शायट लेझरसारख्या एकट्याच्या बोटीतून आलेला स्किपर आणि ब्रूनो प्राडा त्याचा दणकट क्रू, ही ब्राझीलची जोडी २००८ मध्ये रौप्य आणि २०१२ मध्ये कांस्य घेऊन गेली.

कमीत कमी वजनाचं ठळक उदाहरण हॉबी १६ या दोन सांगाड्यांच्या कॅटमरानचं. तिथे दोघांचं मिळून साधारण १२९ किलो भरलं पाहिजे, कमी पडलं तर तेवढं वजन बोटीवर बांधून न्यायचं. ही बांधलेली वजनं बाहेर लटकून काही काम करत नाहीत, नुसती वाहून न्यायची असतात, म्हणून खूप हलक्या जोडीला जोराच्या वाऱ्यात त्यांचा फारसा उपयोग नाही, फक्त मंद वाऱ्यात तिला जो फायदा झाला असता तो काढून घेतला जातो.

अमेरिकाज कप या मोठ्या स्पर्धेत आता बोटी फॉइलवर (पाण्याखालच्या पंखांवर) पाण्याच्या वर उडतात तरी वजन सुटलेलं नाही. २०२१ च्या ऑकलंडच्या कपला तिथल्या एसी-७५ बोटीवर ११ जण आणि एकूण ९६० ते ९९० किलो असा पट्टा होता, २०२४ ला बार्सिलोनात माणसं ८ झाली आणि पट्टा ६८० ते ७०० किलोंचा. मोठ्या यॉटच्या हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बोटींच्या वेळा रेटिंगच्या आकड्याने जुळवून निकाल लावतात तिथे, ओआरसीसारख्या पद्धतीत क्रूचं वजन थेट बोटीच्या सर्टिफिकेटवरच लिहिलेलं असतं, रेटिंग काढताना ते धरलं जातं.

कपड्यांचं वजन हा वेगळा विषय. पूर्वी लोक अंगावर पाण्याने भिजणारे जाड स्वेटर आणि वजनाची जॅकेटं घालून स्वतःला जड करायचे, पाठीच्या कण्याची पार वाट लागायची. आता शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला ५० वा नियम म्हणतो की वजन वाढवायला काहीही घालायचं नाही आणि कपडे-सामान मिळून ८ किलोच्या वर जायचं नाही, क्लासने (त्या प्रकारच्या बोटीच्या नियमांनी) ठरवलं तर १० पर्यंत. तपासताना कपडे पाण्यात पूर्ण भिजवतात, रॅकवर टाकून एक मिनिट निथळू देतात आणि मग काट्यावर घेतात.

आता या मर्यादांचा खरा दुखरा भाग. मर्यादा लिहिली की ती मर्यादा राहत नाही, टार्गेट होते. ४०० लिहिलं की प्रत्येक टीम ३९९ वर येऊन थांबते, कारण मर्यादेखाली राहून जोराच्या वाऱ्यात मार खायचा कोणाला? मग वजनाच्या आदल्या दिवसांत उपाशी राहणं, पाणी तोडणं, सॉना, गरम कपडे घालून धावणं हे प्रकार सुरू होतात आणि तशाच सुकलेल्या शरीराने माणसं उन्हात समुद्रावर जातात, हे धोक्याचं आहे, चक्कर आलेला माणूस बोटीच्या काठावर बसलेला असतो हे विसरून चालत नाही. वजन फक्त रेगाटाच्या (शर्यतींच्या मालिकेच्या) आधी एकदा केलं तर लोक काट्यावरून उतरून पोटभर खातात-पितात, पहिल्या रेसला टीम मर्यादेच्या बरीच वर असते. रोज केलं तर आठवडाभर उपाशी. दोन्हीत त्रास आहे, पण माझ्या मते एकदाच केलेलं बरं, निदान पाण्यावर असताना माणसाच्या अंगात पाणी असतं.

म्हणून काही क्लासनी हा काटाच काढून टाकला. २०१२ ला आलेल्या जे-७० ला क्रूच्या वजनाची मर्यादाच नाही, ज्याला जशी टीम हवी तशी घ्यावी. फॉर्टीनाइनर या दोघांच्या बोटीने सुरुवातीला दुसरी वाट धरली होती, माणसांच्या वजनाप्रमाणे बाजूच्या पंखांची रुंदी कमीजास्त करायची आणि शिसं चढवायचं, पुढे ते बंद झालं. एकट्याने चालवायच्या इल्का (पूर्वीची लेझर) बोटीत मात्र फार सोपं उत्तर सापडलं आहे, हल म्हणजे बोटीचा सांगाडा तोच ठेवून शीड बदलायचं : इल्का ४ ला ४.७, इल्का ६ ला ५.७६ आणि इल्का ७ ला ७.०६ चौरस मीटर. आपल्या नेत्रा कुमनन इल्का ६ मध्ये आणि विष्णू सरवणन इल्का ७ मध्ये टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिम्पिकला उतरले ते याच व्यवस्थेत. काटा नाही, तरी प्रत्येक शिडाला साजेसं वजन असतंच, इल्का ७ साठी ते साधारण ८० किलोच्या थोडं वर धरतात. त्याहून बरेच जड असणाऱ्यांसाठी फिन बोट होती, टोकियोनंतर ती ऑलिम्पिकमधून गेली आणि शंभरीच्या आसपासच्या सेलरला तिथे एकट्याने उतरायला स्वतःची अशी बोटच उरली नाही.