मोल्सवर्थ (आडनाव)

मोल्सवर्थ हे इंग्लंडमधील एका लहानशा गावावरून पडलेले दुर्मीळ इंग्रजी आडनाव आहे. मराठीत ते मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ अशा निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिले जाते; इंग्रजी उच्चार ‘मोल्झवर्थ’च्या जवळ जातो. जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश चाळणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते, पण ते आले कुठून आणि गेले कुठे कुठे, याची माहिती मराठीत सहसा सापडत नाही. हे आडनाव लावणारी माणसे थोडी आणि त्या नावाचे रस्ते, गावे, कुरणे व वस्तू मात्र चार खंडांत विखुरलेल्या, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

गाव आणि नावाचा उगम

मोल्सवर्थ गाव पूर्वीच्या हंटिंग्डनशर परगण्यात होते. १९७४च्या फेररचनेनंतर तो भाग केंब्रिजशरमध्ये गेला. गाव अगदी छोटे असून शेजारच्या ब्रिंग्टनसह त्याची एकच ग्रामपंचायत आहे. विल्यम राजाने १०८६ मध्ये इंग्लंडभर जमिनीची जी मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात या गावाची नोंद ‘मोल्सवर्द’ अशा रूपात सापडते. नावाचा पूर्वार्ध ‘मूल’ हे जुने अँग्लो-सॅक्सन व्यक्तिनाम आहे. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचे नावही मूलच होते. तो काही काळ केंटच्या गादीवर होता आणि ६८७ मध्ये तिथल्या लोकांनी त्याला जाळून मारले. अर्थात गाव वसवणारा मूल हा कोणी दुसराच. ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती किंवा वाडी. टॅमवर्थ, केनिलवर्थ, वॉन्ड्सवर्थ या गावांच्या नावांत तोच शब्द आहे. तेव्हा मोल्सवर्थ म्हणजे मूलची वाडी.

गावावरून आडनाव पडण्याची रीत आपल्याला नवी नाही. सातारकर साताऱ्यात राहत असतो तोवर त्याला सातारकर म्हणण्याचे कोणाला कारण नसते. तो पुण्याला किंवा बडोद्याला गेला की ते नाव त्याला चिकटते. इंग्लंडमध्येही असेच झाले. १०६६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर जमीनदार आपल्या जहागिरीच्या गावाचे नाव लावू लागले, आणि गाव सोडून दुसरीकडे पोट भरायला गेलेल्या साध्या माणसांना शेजाऱ्यांनी गावाच्या नावाने ओळखायला सुरुवात केली. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण व मध्य इंग्लंडात अशी नावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली होती. लोहार गावोगाव होते, म्हणून स्मिथ हे आडनाव गावोगाव उगवले. मोल्सवर्थ नावाचे गाव एकच, म्हणून हे आडनाव मोजक्याच घरांत राहिले.

इथे एक काळजी घ्यायला हवी. गाव एक म्हणून घराणेही एकच, असे धरता येत नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या काळी बाहेर पडलेल्या, एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या माणसांनाही हेच नाव पडू शकत होते. सरदारांच्या वंशावळींत मात्र सगळा वंश सर वॉल्टर द मोल्सवर्थ या एकाच पुरुषापर्यंत नेलेला असतो. हा वॉल्टर पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर या जोड परगण्यांचा शेरीफ, म्हणजे राजाने नेमलेला अंमलदार, होता. राजासोबत तो धर्मयुद्धावर गेला होता, असे घराण्याची परंपरा सांगते. शेरीफपद कागदोपत्री आहे. पुढचा धागा प्रत्येक पिढीत तितकाच पक्का असेल असे नाही.

कॉर्नवॉलची शाखा

सोळाव्या शतकात नॉर्थॅम्प्टनशरमधल्या मोल्सवर्थांपैकी जॉन मोल्सवर्थ हा पहिल्या एलिझाबेथच्या काळात डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीच्या हिशेबाच्या कामावर नैर्ऋत्येला गेला आणि पेन्कॅरो इथे स्थायिक झाला. हंटिंग्डनशरच्या सपाट शेतांतून निघालेले नाव अशा रीतीने देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचले. त्या भागातल्या वेडब्रिज गावची मुख्य बाजारपेठ आजही मोल्सवर्थ स्ट्रीट म्हणून ओळखली जाते, आणि तिथल्या जुन्या खाणावळीचे नावही मोल्सवर्थ आर्म्स आहे.

या शाखेतला हेंडर मोल्सवर्थ जमैकात गेला. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो तिथला अडत्या होता, पुढे बेटाचा कारभारीही झाला. १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो वारला. पदवी भावाकडे, म्हणजे पेन्कॅरोच्या घराकडे गेली. घराण्याच्या कीर्तीचा आरंभ माणसांच्या खरेदी-विक्रीशी असा जोडलेला आहे, हे वंशावळी सांगताना गाळू नये.

आठवे बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) यांनी नावाला वेगळीच दिशा दिली. ते सुधारणावादी खासदार होते. कैद्यांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवण्याच्या शिक्षेची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे ते १८३७–३८ मध्ये अध्यक्ष होते. समितीने या पद्धतीवर कडक टीका केली आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे बंद झाले. वसाहतींना आपला कारभार आपण पाहू द्यावा, हा त्यांचा आग्रह होता. १८५५ मध्ये ते वसाहतमंत्री झाले, पण काही महिन्यांतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांना मूलबाळ नव्हते. पुढे ही शाखा मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असे जोडनाव लावू लागली. पेन्कॅरोच्या बागेत सर विल्यम यांनी चिलीहून आलेली अणकुचीदार पानांची सदाहरित झाडे लावली होती. त्यांतल्या एका झाडाला हात लावून एक पाहुणा म्हणाला, हे चढायचे तर माकडालाही कोडे पडेल. त्यावरूनच त्या झाडाला ‘मंकी पझल’ हे नाव पडले, असे तिथे सांगतात.

आयर्लंड

दुसरी ठळक शाखा डब्लिनची. क्रॉमवेलच्या सैन्याच्या पाठोपाठ गेलेल्या रॉबर्ट मोल्सवर्थ या व्यापाऱ्याने तिथे पैसा आणि जमीन मिळवली. त्याचा मुलगा रॉबर्ट (१६५६–१७२५) डेन्मार्कच्या दरबारी इंग्लंडचा वकील होता. तिथली अनियंत्रित राजसत्ता पाहून त्याने १६९४ मध्ये तिच्यावर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याची युरोपभर चर्चा झाली. १७१६ मध्ये त्याला डब्लिनजवळच्या स्वॉर्ड्सचा व्हायकाउंट (वंशपरंपरागत सरदारी पदवी) करण्यात आले. डब्लिनमधल्या त्यांच्या जमिनीवर अठराव्या शतकात वस्ती वाढली आणि मोल्सवर्थ स्ट्रीट झाला. आज तो रस्ता ज्या इमारतीसमोर संपतो त्या लेन्स्टर हाउसमध्ये आयर्लंडची संसद भरते, त्यामुळे हे नाव आयरिश बातम्यांत सारखे येत राहते.

पहिल्या व्हायकाउंटचा मुलगा रिचर्ड याची एक हकिगत लष्करी इतिहासात कायमची बसली आहे. २३ मे १७०६ रोजी रामिलीच्या लढाईत इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून खाली पडला. फ्रेंच स्वार जवळ येत होते. त्याच्या दिमतीचा अधिकारी (एड-द-काँ) कॅप्टन रिचर्ड मोल्सवर्थ याने आपला घोडा त्याला दिला आणि स्वतः पायी राहिला. थोड्या वेळाने मार्लबरो घोडा बदलत असताना रिकीब धरून उभ्या असलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याचे डोके तोफेच्या गोळ्याने उडाले. रिचर्ड वाचला, तिसरा व्हायकाउंट झाला आणि अखेर फील्ड मार्शलही झाला. त्याची मुलगी मेरी हिचे नशीब मात्र भयंकर निघाले. दिराशी संबंध असल्याच्या आरोपावरून नवऱ्याने, म्हणजे बेल्व्हेडियरच्या अर्लने, तिला सुमारे तीस वर्षे घरात कोंडून ठेवले. तो मेल्यावरच तिची सुटका झाली.

उत्तर इंग्लंड आणि भारतीय रेल्वे

व्हायकाउंटांच्या घराण्यातले जॉन एडवर्ड नॅसाउ मोल्सवर्थ हे लँकाशरमधील रॉचडेलचे धर्मगुरू झाले आणि सुताच्या गिरण्यांच्या त्या शहरात नाव रुजले. त्यांचा मुलगा गिल्फर्ड लिंडसे मोल्सवर्थ (१८२८–१९२५) हा रेल्वे अभियंता होता. सिलोन सरकारच्या रेल्वेचे काम केल्यावर तो १८७१ पासून भारत सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार अभियंता होता. सूत्रे व कोष्टके यांची त्याने तयार केलेली खिशात मावणारी पुस्तिका अभियंत्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्या व्यवसायात मोल्सवर्थ म्हटले की ती पुस्तिकाच समजत.

महाराष्ट्र

जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात पोरवयात भरती होऊन १८१२ च्या सुमारास मुंबई इलाख्यात आला. पेशवाई बुडाली त्या सुमारास तो सोलापूरला होता. तिथे त्याने आणि जॉर्ज व टॉमस कँडी या जुळ्या भावांनी मराठी शब्द टिपायला सुरुवात केली. पुढे सरकारने हे काम हाती घेतले, पंडित नेमले, आणि १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला. इंग्रजी-मराठी कोशाचे कामही त्यानेच आरंभले होते. प्रकृतीमुळे तो १८३६ मध्ये मायदेशी गेल्यावर ते टॉमस कँडी यांनी पुरे केले आणि १८४७ मध्ये छापले. १८५१ मध्ये मोल्सवर्थ परत आला. सुमारे चाळीस हजार शब्दांचा पहिला कोश त्याने साठ हजारांच्या घरात नेला, आणि ही दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईला छापून झाली.

कोशाचे कोणतेही पान उघडावे. शब्द देवनागरीत, मग लिंग, मग तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्तानी वळणाचा हे सांगणारे एक अक्षर, मग अर्थ, आणि पुष्कळदा वाक्प्रचार किंवा म्हण. पोथीतला शब्द आणि बाजारातला शब्द एकाच रांगेत बसलेले दिसतात. शेत, गोठा, चूल, होडी, शिवीगाळ, सगळे तिथे आहे. माझ्या मते या कोशाचे मोठेपण संख्येपेक्षा याच गोष्टीत आहे: एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक प्रत्यक्ष काय बोलत होते, ते त्याने सोवळे-ओवळे न पाळता उतरवून घेतले. बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये त्याचा संक्षेप काढला. १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने मूळ कोश पुन्हा छापला, आणि आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही शोधता येतो. इंग्लंडमध्ये हे नाव पदवीमुळे टिकले. महाराष्ट्रात ते कामामुळे टिकले, आणि इथे ते लावणारे एकही घराणे रुजलेले नसताना टिकले.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका

सर विल्यम स्वतः वसाहतींत कधी गेले नाहीत. तरी अ‍ॅडलेडच्या उत्तर भागातला आणि वेलिंग्टनमध्ये संसदेलगतचा असे दोन मोल्सवर्थ स्ट्रीट त्यांच्याच नावाचे आहेत. त्यांचा भाऊ फ्रान्सिस मात्र वेलिंग्टनच्या अगदी पहिल्या वसाहतकऱ्यांत होता. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील मोल्सवर्थ स्टेशन हे देशातले सर्वांत मोठे पशुपालन क्षेत्र असून ते सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरांवर पसरले आहे. ते ज्या प्रांतात आहे त्याचे नाव मार्लबरो. रामिलीच्या रणांगणावरची दोन्ही नावे तिथे शेजारी आली आहेत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि टास्मानिया दोन्हीकडे मोल्सवर्थ नावाच्या वस्त्या आहेत. डब्लिनमध्ये जन्मलेले रॉबर्ट मोल्सवर्थ (१८०६–१८९०) व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. ऑस्ट्रेलियन टेनिस स्पर्धेत महिला एकेरी १९२२ मध्ये सुरू झाली, तिची पहिली विजेती मार्गारेट मोल्सवर्थ; तिला हे आडनाव लग्नामुळे मिळाले होते. अमेरिकेत टॉमस मोल्सवर्थने १९३१ मध्ये वायोमिंगच्या कोडी गावात फर्निचरचा कारखाना काढला. गाठीगाठींचे लाकूड आणि रंगीत कातडे यांची त्याची घडण संग्राहकांत फार मागणीची आहे.

मूळ गावाचे नाव विसाव्या शतकात माणसांपेक्षा विमानतळामुळे गाजले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने तिथून जर्मनीवर जात. १९८० मध्ये अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी त्या तळाची निवड झाली आणि शांततावाद्यांनी बाहेर तळ ठोकला. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत सैन्य व पोलीस आणून त्यांना हटवून कुंपण घालण्यात आले.

शोध घेताना

चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचे वेगळे गाव आहे. त्याच्या नावाचा पूर्वार्ध टेकडीवाचक शब्दापासून आला आहे, मूल या नावाशी त्याचा संबंध नाही. त्या गावावरून पडलेले आडनाव आणि हे आडनाव जुन्या दप्तरांत सहज मिसळतात, कारण कारकून ऐकेल तसे लिहीत असे. इंग्लंडात चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली आणि १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचे नाव मिळते. त्यामुळे इंग्लंडातल्या साध्या मोल्सवर्थ कुटुंबांचा माग काढणे शक्य आहे. आयर्लंडमध्ये ते अवघड जाते: १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचे दप्तरखाने जळाले आणि १८२१ ते १८५१ या काळातल्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. पदवीधारी शाखेची वंशावळ छापील असल्याने वाचली. ज्या मोल्सवर्थांपाशी पदवी नव्हती त्यांचा धागा बऱ्याचदा तिथेच तुटतो.