एका मुलाला महिन्याला किती लागतं?

माझी मावसबहीण सध्या कौटुंबिक न्यायालयात खेटे घालते आहे. मागच्या रविवारी ती एक फॉर्म घेऊन घरी आली. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे नात्यातला कुठलाही हिशेब फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतो. रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. तेव्हापासून पोटगीच्या दाव्यात नवरा-बायको दोघांनाही आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडावा लागतो. तिने मुलाच्या खर्चापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं : शाळेची फी, रिक्षा, दूध, वह्या, डॉक्टर. बेरीज ७,४००.

"भाडं कुठे आहे यात?" मी विचारलं.

"भाडं मी एकटी असते तरी भरलंच असतं ना, दादा."

"एकटी असतीस तर दोन खोल्या घेतल्या असत्यास?"

ती जरा थांबली. "छे! लग्नाआधी राहायचे तशी कॉट बेसिसवर राहिले असते."

गॅस सिलिंडरपुढे तिने आधी १/२ लिहून खोडलं होतं, मग १/३ लिहून तेही खोडलं होतं. त्या खाडाखोडीकडे बघून मला हसू आलं, कारण याच खाडाखोडीवर अर्थशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक वर्षं घालवली आहेत. फी आणि दूध मोजता येतं. पण पंखा दोघांच्या डोक्यावर फिरतो, वरण एकाच कुकरमध्ये शिजतं. घराच्या एकत्र खर्चातून मुलाचा वाटा वेगळा काढायचा कसा? त्यातला मला सर्वांत आवडणारा मार्ग थेट पानाच्या टपरीवरून जातो.

सुरुवात एर्न्स्ट एंगेलपासून. (मार्क्सचा मित्र तो एंगेल्स, हा वेगळा.) सॅक्सनीच्या सांख्यिकी खात्यात काम करणाऱ्या या गृहस्थाने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा, असं त्याला दिसलं. म्हणजे अन्नाचा हिस्सा हा राहणीमानाचा थर्मामीटर झाला. समजा, एक जोडपं महिन्याला ४०,००० खर्च करतं आणि त्यातले १४,००० खाण्यापिण्यावर जातात, म्हणजे ३५ टक्के. मूल झाल्यावर हा हिस्सा वाढतो. आता बघायचं, की मूल असलेल्या जोडप्याचा हिस्सा पुन्हा ३५ टक्क्यांवर कधी येतो. समजा, तो एकूण खर्च ५८,००० असताना येतो. मग मुलाचा खर्च १८,०००.

दुसरी पद्धत एर्विन रोथबार्थची. हा जर्मनीतून परागंदा झालेला तरुण केंब्रिजमध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या हाताखाली आकडेमोड करत होता. १९४३ मध्ये दुसऱ्याच एका लेखकाच्या पुस्तकाच्या परिशिष्टात त्याने एक छोटं टिपण लिहिलं आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश सैन्याच्या बाजूने लढताना तो मारला गेला. त्या टिपणाचा जीव एवढाच : मुलाचा खर्च मुलाकडे बघून कळत नसेल, तर आईबापाकडे बघा. घरात काही वस्तू अशा असतात ज्यांना मूल हातच लावत नाही. बापाचा शर्ट, आईची साडी, सिगारेट, दारू, पान-तंबाखू. मूल आलं की याच खर्चाला कात्री लागते. आपलं तेच जोडपं मूल होण्यापूर्वी अशा मोठ्यांच्या वस्तूंवर ४,००० खर्च करत होतं. मूल असूनही मोठ्यांच्या वस्तूंवर पूर्वीइतकेच ४,००० खर्चू शकणारं जोडपं शोधा. त्यांचा एकूण खर्च ५२,००० निघाला, तर आईबाप दोन्ही घरांत सारखेच सुखात आहेत असं मानायचं, आणि मधले १२,००० मुलाचे.

हेच हत्यार पुढे महाराष्ट्रात चाललं. २०१५चं नोबेल मिळालेल्या अँगस डीटन यांनी शंकर सुब्रमणियन यांच्याबरोबर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची १९८३ ची महाराष्ट्रातली आकडेवारी घेतली आणि विचारलं : मुलगा झाल्यावर घरातला पान-तंबाखूचा खर्च जितका आटतो, तितकाच मुलगी झाल्यावर आटतो का? कोणाच्याही घरात न डोकावता, "मुलगा-मुलगी समान" असं तोंडदेखलं उत्तर ऐकून न घेता, नुसत्या टपरीच्या खर्चावरून भेदभाव हुडकायचा! मला ही कल्पना आजही थरारून टाकते.

आता एंगेलचे १८,००० खरे की रोथबार्थचे १२,०००? (इथे डोकं गरगरलं तर पुढचा परिच्छेद सोडून द्या, काही बिघडत नाही.)

दोन्ही चुकतात, आणि दोन वेगवेगळ्या दिशांना चुकतात. दीड वर्षाच्या मुलाला सिनेमाचं तिकीट लागत नाही की ऑफिसचे कपडे. त्याचा सगळा संसार दूध, केळं आणि वरणभात. त्यामुळे आईबापाची झालेली झीज पैशापैशाने भरून दिली, तरी घराच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा ३५ टक्क्यांच्या वरच राहणार, कारण नव्या माणसाची पिशवीच अन्नाने भरलेली आहे. ताप नसताना थर्मामीटर ताप दाखवतो आणि एंगेल औषध ओततच राहतो. म्हणून त्याचा आकडा फुगतो. रोथबार्थचं उलटं. मूल सोबत असलं की दोघांनी आईस्क्रीम खायचं तर तीन कप घ्यावे लागतात, पण बापाचा शर्ट पूर्वीच्याच किमतीला मिळतो. म्हणजे वाटून खायच्या गोष्टी महाग झाल्या आणि एकट्याने वापरायच्या तुलनेने स्वस्त. माणूस मग नकळत स्वस्ताकडे वळतो. आईबाप पूर्वीइतके सुखात येण्याआधीच मोठ्यांच्या वस्तूंचा खर्च ४,००० ला टेकतो, आणि आपण मोजणी लवकर थांबवतो. डीटन आणि म्युएलबाउअर यांनी १९८६ मध्ये हे गणिताने मांडलं. खरा आकडा दोघांच्या मध्ये कुठेतरी.

हे सगळं पुस्तकी वाटेल, पण अमेरिकेतल्या अनेक राज्यांचे मुलांच्या निर्वाहखर्चाचे तक्ते रोथबार्थच्या पद्धतीने काढलेल्या अंदाजांवर बेतलेले आहेत. आईबाप एकत्र असते तर मुलावर जेवढं खर्च झालं असतं ते तक्त्यात बघायचं आणि दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटायचं. विस्कॉन्सिन राज्याचा नियम याहून सुटसुटीत : एका मुलाला वेगळं राहणाऱ्या पालकाच्या मिळकतीच्या १७ टक्के, दोघांना २५, तिघांना २९. आपल्याकडे असा तक्ता नाही. न्यायाधीशांनी दोन्ही प्रतिज्ञापत्रं वाचायची आणि आकडा ठरवायचा. एकसारख्या दोन घरांना दोन भलतेच आकडे मिळतात, ते त्यामुळे.

तक्ता कितीही नेमका असला तरी एक गणित मात्र कोणालाच सुटत नाही. कुटुंबांच्या मिळकतीची तुलना करताना घरातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ घ्यायची एक रीत आहे. चौघांना एकट्याच्या चौपट लागत नाही, दुप्पट पुरतं. तिघांचं घर म्हणजे १.७३. ते मोडून दोन आणि एक अशी दोन घरं झाली की १.४१ अधिक १, म्हणजे २.४१. त्याच राहणीमानाला ३९ टक्के जास्त पैसा हवा. दुसरा फ्रिज, दुसरं भाडं, दुसरं डिपॉझिट. मिळकत मात्र तेवढीच. त्यामुळे निकाल कितीही न्याय्य लागला तरी दोघंही "मला लुटलं" म्हणतच बाहेर पडतात, आणि दोघांचंही थोडंफार खरं असतं.

मावशीचा हिशेब याहून सोपा आहे. नातू मूळ नक्षत्रावर जन्मला, म्हणून आईबापाच्या मुळावर आला. तो शाळेत मारामारी करतो, त्याचं कारण घटस्फोट. पहिल्या वाक्याबद्दल एवढंच म्हणतो, की चंद्र दर महिन्याला साधारण एक दिवस मूळ नक्षत्रात असतो आणि त्या दिवशी जन्मलेल्यांची लग्नं मोजायला कोणी बसलेलं नाही. दुसरं वाक्य मात्र तपासता येतं, आणि तपासलं गेलं आहे. मार्च १९५८ च्या एका आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जन्मलेली १७,००० हून अधिक मुलं संशोधकांनी वर्षानुवर्षं डोळ्यांखाली ठेवली. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन आणि सहकाऱ्यांनी त्यातली अशी मुलं घेतली, ज्यांचे आईबाप मूल ७ आणि ११ वर्षांचं होण्याच्या दरम्यान वेगळे झाले. अकराव्या वर्षी त्यांचं वागणं आणि अभ्यास इतरांपेक्षा खालावलेला होताच. पण सातव्या वर्षाच्या नोंदी काढल्यावर, विशेषतः मुलग्यांमध्ये, त्यातला बराचसा फरक आईबाप एका छपराखाली असतानाच दिसत होता. वकिलाची नोटीस यायच्या कितीतरी आधी.

आणि पैशाने काही फरक पडतो का? याचं उत्तर विस्कॉन्सिनने चिठ्ठ्या टाकल्यासारखं काढलं, म्हणून मला ते पटतं. अमेरिकेत आई सरकारी मदतीवर असेल तर बापाने भरलेली रक्कम सरकार आपल्या खर्चापोटी ठेवून घ्यायचं. १९९७ पासून या राज्याने ती पूर्ण आईला द्यायला सुरुवात केली. तुलनेसाठी यादृच्छिक निवडलेल्या एका गटाला मात्र तिचा काही भागच मिळत राहिला. दोन गटांच्या हाती पडणाऱ्या रकमेतला फरक माफकच होता. तरी पूर्ण रक्कम मिळणाऱ्या घरांतून मुलांची आबाळ किंवा मारहाण झाल्याच्या, चौकशीला घेतलेल्या तक्रारी कमी आल्या. आपला पैसा थेट मुलाकडे जातो म्हटल्यावर बापही जास्त संख्येने भरू लागले.

जर्मनीत बापाने थकवलं तर सरकार ठरलेली रक्कम स्वतः आधी देतं आणि मग बापाकडून वसूल करत बसतं. २०१७ पासून ही सोय मूल १८ वर्षांचं होईपर्यंत आहे. आपल्याकडे वसुलीसाठी आईनेच पुन्हा अर्ज करायचा, तोही रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत. केंद्राच्या कायद्यात २००१ पर्यंत दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती तरी गेली.

बहिणीचा फॉर्म आम्ही दुपारभर नव्याने लिहिला. कॉट बेसिसवर तिला एकटीला काय लागलं असतं ते एका कागदावर, आता काय लागतं ते दुसऱ्यावर, आणि मधली वजाबाकी मुलाच्या रकान्यात : १५,९००. वकीलबाईंनी विचारलं, हे भाड्याचे ४,५०० मुलाच्या नावावर कसे? तिने त्यांना कॉटचा हिशेब सांगितला. त्यांनी तो रकाना तसाच ठेवला.

समोरून आलेलं प्रतिज्ञापत्र मी सवयीने खालून वाचायला घेतलं. मुलाच्या गरजेसाठी पुरेसे : २,५००. दोन ओळी वर, चहा-सिगारेट व किरकोळ : ३,२००. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली आहे.