वाळवलेल्या अळ्यांची दोन पाकिटं: मीलवर्म कुठला, बीएसएफ कुठली?

"अगं, दोन्ही अळ्याच ना? मग हे पाकीट एवढं महाग का?"

शेजारच्या काकू कुंपणावरून दोन पाकिटं नाचवत विचारत होत्या. पुण्याच्या वारज्यात आमच्या दोन घरांमागे मिळून सात गावरान कोंबड्या आहेत, त्यामुळे असले प्रश्न रोजचेच. मी दोन्ही पाकिटांतल्या थोड्या थोड्या अळ्या जुन्या वर्तमानपत्रावर ओतल्या.

शेजारी शेजारी ठेवल्यावर गोंधळ उरत नाही. मीलवर्म पिवळट तपकिरी, गोलसर, चकचकीत, इंचभर लांब. डोक्याजवळचे सहा बारीक पाय वाळल्यावरही दिसतात. धान्यात, पिठात वाढणाऱ्या एका काळ्या भुंगेऱ्याची ही अळी. बीएसएफ म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीची अळी. ती चपटी, रुंद, करडी, अंगावर वळ्या आणि पायांचा पत्ता नाही. ओल्या कचऱ्याच्या ड्रमचं झाकण उघडल्यावर जी वळवळ बघून सोसायटीतले लोक ‘शी’ करत मागे सरकतात, ती बरेचदा हिचीच असते.

प्रथिनांत मीलवर्म थोडा सरस, चरबी दोन्हींत भरपूर. खरा फरक कॅल्शियमचा. मीलवर्ममध्ये ते नावापुरतं, आणि फॉस्फरस त्याहून कितीतरी जास्त. बीएसएफची अळी आपल्या कातडीतच कॅल्शियम साठवते, म्हणून तिच्यात ते बरंच असतं. विकणारे लगेच म्हणतात, ‘अंड्याचं कवच मजबूत!’

इथे जरा हिशोब करू. एका अंड्याच्या कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. कोंबडीला ५ ग्रॅम बीएसएफ घातली आणि त्यात ५ टक्के कॅल्शियम धरलं, तरी हाती येतं पाव ग्रॅम. म्हणजे शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवायलाच हवा, पाकीट कितीही महागाचं असो. कवच पातळ होतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. कोंबड्या अळ्यांवर पोट भरतात आणि लेयर मॅशकडे, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याकडे, ढुंकूनही बघत नाहीत. त्या मॅशमध्ये ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, ते बुडतं. काकूंच्या एका कोंबडीने दोन आठवडे पापडासारख्या कवचाची अंडी दिली, तेव्हा मीलवर्मचा डबा अर्ध्यावर आला होता.

कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. वरचा खाऊ, म्हणजे उरलेली पोळी, भाजीची देठं, अळ्या, सगळं धरून त्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. अळ्यांतली चरबी बघता मी एका कोंबडीला चहाचा एक चमचा देते, तोही एक दिवस आड. अंड्यावर न आलेल्या तलंगांना बीएसएफही जपूनच, कारण जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

आता सुरक्षिततेचं. यात दोन्ही अळ्या सारख्याच: अळीने काय खाल्लं आणि ती कशी वाळवली, यावर सगळं अवलंबून. अळी ज्यावर वाढते त्यातले जड धातू तिच्या अंगात साठू शकतात. बीएसएफ कॅडमियम ओढून घेते, मीलवर्म आर्सेनिक. नुसतं वाळवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरतोच असंही नाही, म्हणून उष्णतेची प्रक्रिया केल्याचं पाकिटावर लिहिलेलं बघावं आणि अळ्या घालून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. मी एकदा एका दुकानातून नुसतं ‘वर्म्स’ लिहिलेली पिशवी आणली होती. आतली अळी कुठली, कुठे वाढवली, काहीच छापलेलं नव्हतं. ती तशीच कचऱ्यात गेली.

इंग्रजी पाकिटांवर ‘फक्त रानपक्ष्यांसाठी’ दिसलं तर दचकू नका. गुरांच्या मेंदूच्या ‘मॅड काऊ’ रोगानंतर युरोपात पाळीव जनावरांना प्राणिज प्रथिनं घालण्यावर बंदी आली, तिच्यात अळ्याही सापडल्या. ब्रिटनमध्ये तर परसातल्या कोंबड्यांनाही तो नियम लागू झाला. युरोपीय संघाने २०२१ साली कोंबड्यांसाठी कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली.

काकूंचा पुढचा प्रश्न अगदी पुणेरी होता: "मग ड्रममधल्या फुकटच्या का नकोत?"

ड्रम फक्त स्वतःच्या घरचा, त्यात मासळी-मटणाचं काही नाही आणि बुरशीचं अन्नही नाही, तर थोड्या चालतील. सोसायटीच्या ड्रममध्ये कोण काय टाकतं, देव जाणे. सडक्या मांसातल्या अळ्यांबरोबर बोट्युलिझमचं विष कोंबडीच्या पोटात जाऊ शकतं. मान लुळी पडते, आणि बघणाऱ्याला वाटतं मानमोडीच, म्हणजे राणीखेत आली, लस देऊनही कशी काय आली! ओल्या कचऱ्यावर घरमाशीच्या अळ्याही असतात, आणि घरमाशीतून कोंबड्यांना पट्टकृमी होतात. त्या मी मुळीच घालत नाही.

राहता राहिला आपला पावसाळा. जूनमध्ये फोडलेलं पाकीट जुलैत मऊ पडतं. चांगली अळी बोटांत दाबली की कट्‌कन मोडते. वाकली, खवट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली, तर उन्हात टाकून वाचवायच्या भानगडीत पडू नये. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष नुसत्या उन्हाने पुरतं जात नाही. काकूंनी शेवटी बीएसएफचं पाकीट घेतलं, शेवेच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ओतलं, आणि घरात कोणी चुकून तोंडात टाकू नये म्हणून झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘कोंबड्या’ लिहून ठेवलं.