तयार माणूस की होतकरू? मुंबईतल्या नोकरभरतीची पार्श्वभूमी

आज काम येणारा माणूस घ्यायचा की पुढे चांगला निघेल असा होतकरू, हा वाद वरवर गुणांचा वाटतो. खरा प्रश्न पैशाचा आहे: होतकरू शिकून हाताशी येईपर्यंतचा खर्च कोणी सोसायचा?

गिरण्यांच्या काळात तो कामगारावरच पडायचा. भरती जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या हातात. गावाकडून आलेला पोरगा साचेखात्यात (कापड विणण्याच्या विभागात) काका-मामाशेजारी उभा राहून हात बसवून घ्यायचा आणि मग बदली (गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर घेतलेला) म्हणून सकाळी गेटवर हजर. जॉबरची ओळख आणि त्याला दिलेली दस्तुरी, म्हणजे लाच, हीच बऱ्याचदा पात्रता.

याच्या अगदी उलट प्रकार ट्रॉम्बेत झाला. अणुसंशोधनाची प्रशिक्षण शाळा 1957 मध्ये सुरू झाली, तेव्हा या कामाची तयार माणसं देशात मिळणं मुश्कीलच होतं. म्हणून ताजे पदवीधर निवडून त्यांना वर्षभर पैसे देऊन शिकवलं. या प्रयोगाचं कौतुक करताना मागे सरकारी तिजोरी होती, हे लोक सोयीनं विसरतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं उद्योगांवर शिकवण्याची जबाबदारी टाकली, पण शिकवल्यावर नोकरी देण्याची सक्ती केली नाही.

मग आयटीची कॅम्पस भरती आली. मेकॅनिकल असो की सिव्हिल, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट पास झाली की मुलगा कोडिंगला. अट ठरलेली: दहावीपासून सलग 60 टक्के, बॅकलॉग नको. म्हणजे भविष्य जोखायचं, तेही दहावीच्या मार्कशीटवरून! शिकवण्याचा खर्च कंपनीनं उचलला खरा, पण सोबत बाँडही आला: ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार.

खरा गुंता या बाँडचा आहे. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 27 व्यवसायाला अटकाव करणारा करार रद्दबातल मानतं. नोकरी चालू असतानाचं बंधन मात्र न्यायालयांनी वेगळं धरलं. 'तुला शिकवलं, आता लगेच जाऊ नकोस' हे म्हणणं पटण्यासारखं आहे. पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेलं प्रकरण फ्रेशरचं नव्हतंच. एका सरकारी बँकेनं अनुभवी अधिकारी घेतला होता. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये, अशी अट होती. तो आधीच गेला, त्यानं पैसे भरले आणि भांडला. उच्च न्यायालयात जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. अट वैध ठरवताना न्यायालयानं सरकारी बँकेला रीतसर जाहिरात देऊन पुन्हा भरती करावी लागते, त्याचा खर्च आणि वेळ यांवर भर दिला. म्हणजे शिकवणीची भरपाई म्हणून रुळलेला बाँड आता तयार माणसालाही लागू शकतो. ही उडी मोठी आहे, आणि बातम्यांत ती 'बाँड वैध' एवढ्या दोन शब्दांत संपली.

राज्य सरकारनं 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तिसरीच वाट काढली. बारावी पासला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ, पदवीधराला दहा. काम आस्थापनेत, विद्यावेतन सरकारकडून. मुदत आधी सहा महिने होती, 2025 मध्ये ती 11 महिन्यांवर गेली. ती संपल्यावर त्याच टेबलावर कायम करून घेण्याचं बंधन आस्थापनेवर नाही.