पोस्टपेड बंद केले तरी बिल येतेच आहे? तक्रार, अपील आणि ग्राहक आयोग: नागपूरकरांसाठी प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

कनेक्शन बंद करायला सांगून झाले, सिम बंद पडले, तरी दर महिन्याला बिल येतच राहते. कुणाच्या खात्यातून ऑटोपेने पैसे कापले जातात, कुणाला वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. तीनशे-चारशे रुपयांसाठी कोण भांडत बसेल, असे म्हणून बरेच जण पैसे भरून मोकळे होतात. असे भरू नका. या तक्रारीला कंपनीकडे शुल्क नाही, अपिलाला नाही आणि ग्राहक आयोगातही अशा छोट्या रकमेला शुल्क लागत नाही. सगळे प्रकरण एका गोष्टीवर उभे असते: बंद करायला तुम्ही कोणत्या तारखेला सांगितले आणि ते दाखवणारा कागद किंवा मेसेज तुमच्याजवळ आहे का.

आधी बिल वाचा

बंद केल्यानंतर आलेले प्रत्येक बिल चुकीचे नसते. बिलचक्र संपल्यावर एक अंतिम बिल निघते आणि त्यात वापरलेल्या दिवसांचे भाडे असू शकते. समजा भाडे ४९९ रुपये आहे आणि चक्राच्या नवव्या दिवशी कनेक्शन बंद झाले. योजनेत दिवसांच्या प्रमाणात आकारणी असेल, तर नऊ दिवसांचे १४९.७० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७६.६५ रुपये होतात. ही रक्कम देणे लागते. बंद झालेल्या तारखेनंतरचे भाडे आणि त्या भाड्यावर चढवलेले विलंब शुल्क मात्र देणे लागत नाही. भांडण तेवढ्याच रकमेचे ठेवा. मान्य असलेली रक्कम भरून टाकली की तुमची बाजू भक्कम होते.

आणखी दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. फॅमिली प्लॅनमधला मुख्य नंबर बंद केला, पण त्याला जोडलेला आईचा किंवा मुलाचा नंबर सुरूच राहिला, असे खूपदा होते. हँडसेट हप्त्यावर घेतला असेल तर ते हप्ते कनेक्शनसोबत संपत नाहीत. नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला असेल, तर जुन्या कंपनीचे शेवटचे बिल न भरल्यास नव्या कंपनीतली सेवाही थांबवली जाऊ शकते. म्हणून पोर्ट केलेल्यांनी अंतिम बिल नुसते अडवून ठेवू नये. पटत नसेल तर त्यावर लगेच लेखी तक्रार नोंदवावी.

बंद केल्याचा पुरावा

इथे सर्वांत जास्त माणसे अडकतात. सीताबर्डीच्या किंवा धरमपेठेतल्या गॅलरीत जाऊन तोंडी सांगितले, काउंटरवरच्या मुलाने ‘सिस्टीममध्ये टाकले, मेसेज येईल’ म्हटले आणि आपण घरी आलो. तो मेसेज येतो त्याच नंबरवर, जो बंद होणार असतो. सिम बंद पडले, फोन बदलला, की पुरावा गेला. त्यामुळे अर्ज देतानाच दुसरा मोबाइल नंबर आणि ईमेल लिहून द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. विनंती क्रमांकाचा मेसेज येईपर्यंत काउंटर सोडू नका आणि आल्याबरोबर त्याचा स्क्रीनशॉट काढून घरच्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवा.

अर्ज तोंडीच झाला असेल तरी हातपाय गाळायचे कारण नाही. आजच कंपनीच्या तक्रार ईमेलवर लिहा: अमुक तारखेला अमुक गॅलरीत विनंती केली होती, तेव्हापासून सेवा वापरलेली नाही. पुढच्या बिलांत कॉल आणि डेटाचा वापर शून्य दिसत असेल, तर तेही तुमच्या बाजूने बोलते. म्हणून ती नकोशी बिले डिलीट करू नका.

दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तुमच्या नावावर कोणकोणते मोबाइल नंबर सुरू आहेत ते पाहता येते. बंद केलेला नंबर तिथे अजून दिसत असेल, तर कंपनीने तो बंदच केलेला नाही हे कळते. त्या पानाचाही स्क्रीनशॉट जोडा.

ऑटोपे थांबवा

कनेक्शन बंद करणे आणि ऑटोपे बंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत. यूपीआय ऑटोपे असेल तर ज्या अॅपवरून परवानगी दिली तिथेच ती रद्द करता येते. कार्डवर असेल तर बँकेच्या अॅपमध्ये किंवा कार्ड विभागाकडे आणि खात्यावर नॅच मँडेट (खात्यातून ठरावीक रक्कम आपोआप कापण्याची बँकेला दिलेली परवानगी) असेल तर बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा लागतो. कार्ड आणि यूपीआयवरील अशा नियमित कपातीची सूचना २४ तास आधी यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आला की त्याच दिवशी रद्द करा. परवानगी रद्द करूनही पैसे गेले, तर ती तक्रार बँकेची. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पहिली पायरी: कंपनीचे तक्रार केंद्र

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्र आणि त्याच्या वर अपील प्राधिकारी ठेवावाच लागतो. १९८ हा तक्रारीचा मोफत क्रमांक आहे, पण तो त्याच कंपनीच्या सिमवरून लागतो आणि तुमचे सिम तर बंद. अशा वेळी कंपनीचा टोल-फ्री क्रमांक किंवा ईमेल वापरा. ट्रायच्या टीसीसीएमएस या ग्राहक तक्रारींच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचा आणि अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता दिलेला आहे. नागपूर हे महाराष्ट्र-गोवा परवाना क्षेत्रात येते आणि मुंबईचे क्षेत्र वेगळे आहे. अपील पाठवताना मुंबईचा पत्ता निवडू नका.

तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळालाच पाहिजे. नंबर न देता कुणी ‘बघतो’ म्हणत असेल, तर ती तक्रार झालीच नाही असे समजा. मजकूर लांबलचक नको, एवढे पुरे:

‘माझ्या नावावरील पोस्टपेड क्रमांक … बंद करण्याची विनंती मी दि. … रोजी नागपूर येथील … गॅलरीत दिली. विनंती क्रमांक …. अंतिम बिलाचे रु. … मी दि. … रोजी भरले. त्यानंतरही दि. … ते दि. … या काळासाठी रु. … आकारले आहेत. ही रक्कम मला मान्य नाही. ती रद्द करावी, खात्यातून कापलेले रु. … परत करावेत, थकबाकी शून्य असल्याचे पत्र द्यावे आणि क्रेडिट माहिती संस्थांना (सिबिलसारख्या) थकबाकी कळवली असल्यास ती नोंद दुरुस्त करावी.’

शेवटच्या दोन मागण्या लोक विसरतात. पैसे माफ होतात, पण थकबाकी नसल्याचे पत्र नसल्यामुळे वर्षभराने वसुली एजंट पुन्हा फोन करतो.

दुसरी पायरी: अपील

बिलाच्या तक्रारीचा निकाल साधारण चार आठवड्यांत अपेक्षित असतो. निकाल पटला नाही किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर तेव्हापासून ३० दिवसांत अपील करा. अपील ईमेलने, टपालाने किंवा समक्ष देता येते. त्यात डॉकेट नंबर, तक्रारीची तारीख आणि कंपनीचे उत्तर एवढे नक्की हवे. ३९ दिवसांत अपिलाचा निकाल लागला पाहिजे. अपील प्राधिकाऱ्याला सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचाही एक प्रतिनिधी असतो. त्यामुळे कॉल सेंटरने झटकलेली तक्रार इथे वेगळ्या नजरेने पाहिली जाते. माझ्या मते ही पायरी कुणीही गाळू नये. पुढे आयोगात गेलात, तरी कंपनीला पुरेशी संधी दिली होती हे यावरून दिसते.

ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नका. अपिलानंतरही काम अडले, तर दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे पीजी पोर्टल या सरकारी तक्रार संकेतस्थळावरून किंवा १०६३ या क्रमांकावर तक्रार करता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही कंपनीकडे पाठपुरावा करते.

ग्राहक आयोग: कोण जाऊ शकते, काय लागते

मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक मंचात (आताचा ग्राहक आयोग) जाता येत नाही, असे अजूनही कुणीतरी सांगते. २००९ च्या एका निकालामुळे तसा समज पसरला होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो प्रश्न ग्राहकांच्या बाजूने मिटवला, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर ‘सेवा’ या व्याख्येतच दूरसंचाराचा उल्लेख आहे.

तुम्ही नागपुरात राहत असाल किंवा इथे नोकरी-धंदा करत असाल, तर कंपनीचे कार्यालय कुठेही असो, तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगात करता येते. कनेक्शन स्वतःच्या वापराचे हवे. पोट भरण्यासाठी स्वतः दुकान किंवा व्यवसाय चालवणारा माणूसही ग्राहक धरला जातो, पण कंपनीच्या नावावरचे कॉर्पोरेट कनेक्शन असेल तर गोष्ट वेगळी. नंबर वडिलांच्या नावावर असेल तर तक्रार त्यांच्याच नावाने करावी आणि तुम्ही त्यांचे अधिकारपत्र घ्यावे. वडील हयात नसतील तर वारस तक्रार करू शकतो, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. ज्या घटनेवरून वाद उभा राहिला, तिच्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे.

कागदपत्रांत बंद करण्याच्या अर्जाची प्रत किंवा मेसेज, अंतिम बिल आणि ते भरल्याची पावती, नंतरची वादग्रस्त बिले, कपात दाखवणारे बँक स्टेटमेंट, डॉकेट नंबर, अपील आणि त्यांची उत्तरे, आधार किंवा रहिवासाचा दुसरा पुरावा आणि तक्रारीतील मजकूर खरा असल्याचे शपथपत्र एवढे जोडा. तारखांप्रमाणे लावून प्रत्येक पानाला क्रमांक द्या. सेवेचे मोल ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वकील सक्तीचा नाही.

चारशे रुपयांसाठी इथवर जावे का? पैसे परत मिळत असतील तर अपिलावर थांबा. पण वसुलीचा त्रास झाला, कर्ज नाकारले गेले किंवा कंपनी लेखी उत्तरच देत नसेल, तर जरूर जा. परताव्यासोबत व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो.

लोकअदालतीची नोटीस आली तर

जुन्या मोबाइल थकबाकीसाठी कंपन्या लोकअदालतीपूर्वी नोटिसा पाठवतात. त्यावर न्यायालयाचे नाव पाहून घरातले म्हातारे माणूस घाबरते आणि पैसे भरून येते. दाखलपूर्व, म्हणजे खटला दाखल होण्याआधीच्या, प्रकरणाची ही नोटीस म्हणजे तडजोडीचे बोलावणे. तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, तुमच्याविरुद्ध तिथे एकतर्फी निकाल लागत नाही. तरीही दुर्लक्ष करू नका. कागद घेऊन जा, रक्कम का मान्य नाही ते सांगा. मात्र तडजोडीवर सही केली की ती दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक होते आणि तिच्यावर अपील नाही. नोटीस खरी आहे का, हे नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून घेता येते.

क्रेडिट अहवाल

पोस्टपेडची थकबाकी क्रेडिट अहवालात चढू शकते आणि ती कळते घराच्या कर्जाला अर्ज केल्यावर. प्रत्येक क्रेडिट माहिती संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवा आणि बंद केलेल्या नंबरचे खाते त्यात आहे का ते पाहा. चुकीची नोंद दिसली तर त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा आणि थकबाकी शून्य असल्याचे पत्र जोडा. दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे. त्यानंतर उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.