नाताळला मंडप, रविवारी मोकळे बाक

नाताळच्या सकाळी कोल्हापुरातल्या चर्चमध्ये बाक पुरत नाहीत. कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेर मंडप, दारात उभी माणसं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी त्याच बाकांवर माणसं विरळ, आणि पुढच्या दोन रांगा तर हमखास रिकाम्या. यावरचा शेराही ठरलेला: ‘श्रद्धा आटली, आता लोक सणापुरतंच येतात.’ जर्मनीत अशा मंडळींना ‘पाणबुडी ख्रिस्ती’ म्हणतात, वर्षातून एकदा वर येणारे. विनोद झकास आहे, पण त्यामागचा हिशेब कच्चा आहे.

त्या शेऱ्यातला ‘आता’ आधी खोडून टाकू. 1215 साली रोममध्ये भरलेल्या कॅथलिक चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं नियम केला की, जाणत्या वयाच्या प्रत्येकानं वर्षातून निदान एकदा पापकबुली द्यावी आणि निदान ईस्टरला प्रभुभोजन घ्यावं. एवढी किमान अट कायद्यात लिहावी लागली, यातच काय ते आलं. 30 मार्च 1851 च्या रविवारी इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रार्थनास्थळांची हजेरी मोजली गेली. लोकसंख्या होती 1 कोटी 79 लाख. येणं शक्य असूनही न आलेल्यांचा अंदाज निघाला 52 लाखांच्या वर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ही गोष्ट, मोबाइल यायच्या दीडशे वर्षं आधीची.

कोल्हापूरच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. 1852 साली रॉयल वाइल्डर इथं आले ते अमेरिकन मिशनरी म्हणून, आणि इथलं मिशन पुढे प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलमंडळानं चर्च चालवणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं, झालं. या परंपरेच्या जुन्या शिकवणीत महत्त्व रविवारच्या उपासनेला. नाताळाकडे ती बराच काळ संशयानंच बघत आली. ती जिथं सर्वांत मुरली त्या स्कॉटलंडमध्ये 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी 1958 साली सुरू झाली. म्हणजे रविवारच खरा मानणाऱ्या परंपरेतही शेवटी भरतं ते नाताळला. शिकवणीपलीकडचं काहीतरी इथं काम करतंय.

आधी अंकगणित. चर्चच्या एका मंडळीत, म्हणजे सभासदांत, 240 माणसं धरा. 40 जण दर रविवारी येतात. उरलेले 200 महिन्यातून साधारण एकदा येतात, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा. मग एरवीच्या रविवारी 40 अधिक 50, म्हणजे 90 माणसं दिसतील. नाताळला सगळे 240. गर्दी पावणेतीनपट झाली, आणि ‘फक्त सणाला येणारा’ यात एकही नाही! चर्च ऑफ इंग्लंडची 2019 ची सरासरी साप्ताहिक हजेरी साडेआठ लाखांच्या आसपास होती आणि नाताळची 23 लाखांच्या. गुणोत्तर तेच पडतं. हा योगायोग समजा, पण गर्दीच्या आकड्यावरून श्रद्धेचं माप काढता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

खरा प्रश्न पुढे आहे. त्या 200 जणांना एकच दिवस कसा सुचतो? 2004 मध्ये ‘देवाचं जनुक’ सापडल्याचा बराच गाजावाजा झाला होता. श्रद्धेचं खापर एका जनुकावर फोडणं मुळातच भाबडं, आणि जनुकाला कॅलेंडर वाचता येत नाही हे वेगळंच. इथं उपयोगी पडतं ते समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं 1978 चं गणित. प्रत्येकाच्या मनात एक उंबरठा असतो: ‘इतके जण येणार असतील, तर मीही.’

उदाहरणाला 100 जण घेऊ. 20 जणांचा उंबरठा शून्य. पाऊस असो, मॅच असो, ते येणारच. 15 जणांचा उंबरठा 25 माणसांचा, 25 जणांचा 35 चा आणि 40 जणांचा 60 चा. एरवीच्या रविवारी 20 येतात. पुढच्या गटाला 25 हवेत, ते भरत नाहीत, साखळी तिथंच अडते. हजेरी 20.

आता नाताळ. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पाच मुलं घरी आली आहेत. 20 चे 25 झाले की 15 जण निघतात. 40 झाले; 35 ची अट पुरी, आणखी 25 निघतात. 65 झाले, 60 ची अट पुरी, उरलेले 40 ही निघतात. हजेरी 105. पाच पाहुण्यांनी 80 माणसं हलवली, आणि कोणाची श्रद्धा गुंजभरही वाढली नाही. पाचाऐवजी चारच मुलं आली असती, तर आकडा 24 वर थांबला असता. माणसं जवळजवळ तीच, चित्र पार निराळं. अशा व्यवस्थेत सरासरी माणसाच्या मनात डोकावून काहीच हाती लागत नाही. उंबरठ्यांचा क्रम कसा लागलाय आणि फट कुठं आहे, ते पाहावं लागतं.

अर्थात दारात उभं राहून कोणी डोकी मोजत नाही. निर्णय घरीच होतो, अंदाजावर. म्हणून सर्वांना एकाच वेळी दिसणारी खूण लागते: मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हेही मला माहीत आहे. अशी एक फार जुनी खूण म्हणजे पौर्णिमा. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, फक्त ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातून काढतात. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेची. 2026 मध्ये चैत्र पौर्णिमा 2 एप्रिलची आणि ईस्टरआधीचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) 3 एप्रिलचा. जोतिबाचा वारही रविवारच, पण सासनकाठ्यांची गर्दी दर रविवारी डोंगरावर नसते. त्यावरून भक्तांची श्रद्धा आटली असं कोणी म्हणत नाही. चर्चला मात्र वेगळी फुटपट्टी लावली जाते.

सणाला उंबरठा आणखी एका कारणानं खाली येतो. तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी गेलं की दारातच टोला बसतो: ‘काय पाव्हणं, लई दिसांनी?’ हा प्रेमाचाच असतो, पण प्रवेशशुल्क म्हणून जबर आहे. नाताळला ते माफ.

आणि व्यासपीठावरून ‘बाकीचे 51 रविवार कुठं असता?’ असं विचारलं, तर? अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी खुणा केलेले अश्मीभूत लाकडाचे तुकडे वाटेवर ठेवले. ‘नेऊ नका’ एवढ्याच पाटीजवळून 1.67 टक्के तुकडे गेले. ‘आजवर अनेकांनी नेले’ असा खेद सांगणाऱ्या पाटीजवळून 7.92 टक्के. ‘बरेच जण करतात’ हेच लोकांनी त्या पाटीतून उचललं. भरल्या चर्चमध्ये गैरहजेरीबद्दल बोलणी घातली, तर प्रत्येकाला कळतं की शेजारचाही येत नाही. उंबरठा वर जाण्याचीच शक्यता जास्त.

आपल्या मंडळीत नेमकं काय चाललंय, हे पाळकांना वहीपेनानं काढता येतं. सणांपासून दूरचे चार रविवार निवडा, दोहोंमध्ये पाच-सहा आठवडे ठेवा, दारात नावं लिहून घ्या. नुसती डोकी मोजू नका. दोन उपासना असतील तर तोच माणूस दोनदा मोजला जातो, आणि गायनवृंद व संडेस्कूलची मुलं सुटतात. एकूण माणसांच्या अंदाजाला तळ्यातले मासे मोजण्याचं सूत्र चालतं (काही मासे खूण करून सोडायचे, आणि पुढच्या खेपेला त्यातले किती परत सापडतात ते पाहायचं). कुठलेही दोन रविवार घ्या: पहिली हजेरी गुणिले दुसरी, भागिले दोन्हींतली समान नावं. वरच्या 240 जणांच्या मंडळीत 90 गुणिले 90, भागिले सुमारे 52. उत्तर येतं 155 च्या आसपास, म्हणजे फारच कमी. कारण ते 40 नियमित लोक दोन्ही याद्यांत असल्यानं समान नावं फुगतात. म्हणून चारही रविवारी दिसलेली नावं आधी बाजूला काढा. महिन्यातून एकदा येणारा चारही वेळा सापडण्याची शक्यता 256 त 1, त्यामुळे इथं चूक फारशी होत नाही. उरले 50 आणि 50, समान 12-13; उत्तर 200 च्या जवळ. त्यात 40 मिळवा. नाताळच्या यादीतून पाहुण्यांची नावं वगळा, आणि उरलेला आकडा याच्याही वर किती जातो ते पाहा. खऱ्या पाणबुड्या तेवढ्याच.