नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर?

‘दोघांचाही बी पॉझिटिव्ह, मग मुलात दोष येणार,’ म्हणून पत्रिका जुळूनही स्थळं मोडतात. रक्तगट सारखा असल्याने बाळाला काहीही होत नाही. उलट गंभीर प्रश्न येतो तो गट वेगळा असताना, आणि तोही मुख्यतः एका जोडीत: आई आरएच निगेटिव्ह (तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचं प्रथिन नसलेली), वडील पॉझिटिव्ह (ते असलेले).

वडिलांकडे हे प्रथिन बनवणाऱ्या डी जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर प्रत्येक मूल पॉझिटिव्ह; एकच असेल तर शक्यता निम्मी. अशा बाळाचं थोडं रक्त, बहुधा प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्तात मिसळतं. तिची प्रतिकारशक्ती डी प्रथिन परकं समजून प्रतिपिंडं (त्यावर हल्ला करणारी प्रथिनं, अँटिबॉडी) तयार करते. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ सहसा सुटतं. पण ती ओळख पेशी विसरत नाहीत. पुढच्या खेपेस आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं वार (प्लासेंटा) ओलांडून पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. रक्तक्षय, तीव्र कावीळ होते.

यावर उपाय आहे. निगेटिव्ह आईची इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करायची; तिच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत का, ते त्यात कळतं. चाचणी निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्यात आईला प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं अँटी-डी इंजेक्शन (सहसा ३०० मायक्रोग्रॅम) आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत पुन्हा. गर्भपातानंतरचा डोस हमखास राहून जातो! प्रतिपिंडं एकदा तयार झाली की इंजेक्शनचा उपयोग नाही.

लग्नाआधी तपासायचंच तर थॅलेसेमियासाठी (रक्ताचा आनुवंशिक आजार) एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार तपासा, विशेषतः मामे-आते नात्यात. तिथे धोका खरा आहे.